काटा परवडला, कुसळ नको!

दोस्तांनो, उरणच्या लोकलमध्ये बसलायत का कधी? जानेवारी २०२४ मध्ये ही गाडी थेट उरणपर्यंत धावू लागली आणि नेरूळ-बेलापूरच्या मुलांना उरणच्या अलीकडे एक नवं स्टेशन मिळालं. द्रोणागिरी! नाव ऐकलं की रामायण आठवतं, हो ना? लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या मारुतीरायाला नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा द्रोणागिरी उचलला आणि तो लंकेकडे निघाला. वाटेत त्याचा एक तुकडा उरणजवळ पडला, तोच हा डोंगर, अशी गोष्ट या भागात सांगतात. डोंगराच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, खाली करंज्याला द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे आणि पलीकडे समुद्र.

संजीवनी तिथे सापडते की नाही ते मला विचारू नका. पण कोकणातल्या अशा कुठल्याही डोंगरावर मे महिन्यात करवंदांच्या मागे धावलं, की दुसरी एक गोष्ट हमखास सापडते. ती म्हणजे काटा! करवंदाचा, बोरीचा, बाभळीचा आणि एखाद्या बांधावर निवडुंगाचाही.

आता गंमत ऐका. निवडुंगाचा काटा लागायला डोंगर चढायचीही गरज नाही. द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीत राहा, नाहीतर पुण्याच्या एखाद्या सोसायटीत. जरा बाल्कनीतल्या कुंड्या बघा. नर्सरीत एक फार गोंडस निवडुंग मिळतो. हिरव्या, चपट्या, सशाच्या कानांसारख्या जोड्या आणि त्यांवर पिवळट किंवा पांढरे मखमली ठिपके. मोठा काटा एकसुद्धा नाही. पाहणाऱ्याला वाटतं, वा, याला तर कुरवाळायलाच हवं! आणि तिथंच फसगत होते. तो प्रत्येक मखमली ठिपका म्हणजे बारीक कुसळांचा गठ्ठा असतो. नुसतं बोट लागलं, की त्यातली डझनावारी कुसळं कातडीत घुसतात. दिसत नाहीत, पण टोचतात. हात पँटला पुसला की पँटला लागतात, पँटवरून मांडीला, आणि डोळे चोळले तर... नको, ते नंतर बोलू.

निवडुंगाशी दोन हात करायचे तर शत्रू कोण आहे हे आधी ओळखायला हवं. कारण ‘निवडुंग’ हे एकच नाव आपण तीन निरनिराळ्या दुखण्यांना दिलेलं आहे.

पहिला काटा मोठा. लांब, टोकदार, डोळ्यांना दिसणारा. फड्या निवडुंगाला तो असतो. फड्या निवडुंग म्हणजे नागाच्या फण्यासारखी चपटी, मांसल पानं एकावर एक उगवलेला. (खरं तर ती पानं नव्हेतच. ते खोड. काटे हीच त्याची पानं! पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांनी काट्यांचं रूप घेतलं.) हा काटा टोचला की आपण किंचाळतो, पण तो दिसतो, पकडता येतो, निघतो. सरळ स्वभावाचा शत्रू म्हणायचा.

दुसरं कुसळ. फड्या निवडुंगाला मोठ्या काट्यांच्या बुडाशी ही कुसळं असतात, त्याच्या लाल बोंडांवर असतात आणि आपल्या सशाच्या कानांवर तर फक्त तीच असतात. केसापेक्षा बारीक. भिंगाखाली धरलं तर त्यावर उलट्या दिशेने वळलेले सूक्ष्म आकडे दिसतात. करंज्याच्या कोळीवाड्यातल्या मुलांना हे चटकन समजेल. मासे धरायच्या गळाला उलटी आकडी असते ना, तसंच. आत जाताना सहज जातं, बाहेर येताना अडतं. आणि ओढलं की मोडतं. हा खरा बेरकी.

तिसरा आहे चीक. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो तीन धारांचा त्रिधारी निवडुंग, थोर, हे दिसायला निवडुंग, पण जातीने निवडुंगाचे कुणीच नव्हेत. त्यांचं कुळ एरंडाचं. फांदी मोडली की पांढरा दुधासारखा चीक गळतो. काटे त्यांनाही असतात, पण खरी भीती त्या चिकाची. तो कातडीची आग करतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा करतो.

तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा. काटा, कुसळ की चीक? उत्तर मिळालं, की पुढचं सोपं.

समजा, डोंगरावर आहात आणि फड्या निवडुंगाचं एक आख्खं फडं पोटरीला चिकटलं. पहिली उडी कशावर पडते? हातावर! आपण झटकन हाताने ते ओढायला जातो आणि मग पोटरीबरोबर तळहातही काट्यांनी भरतो. थांबा. खिशात फणी आहे? तिचे दात फडं आणि कातडी यांच्या मध्ये घाला आणि एका झटक्यात ते बाहेरच्या बाजूला उडवा. मित्रांना बाजूला उभं करून, हं! नाहीतर ते त्यांच्या अंगावर जायचं. फणी नसेल तर दोन काटक्या चिमट्यासारख्या धरा. मग खाली बसा. राहिलेले मोठे काटे एकेक करून काढता येतील, पण उजेडात आणि घाई न करता. चालताना पाय टेकवत नसेल, किंवा काटा सांध्यात घुसला असेल, तर तिथं डॉक्टरकी करू नका. मोठ्या माणसाला बोलवा.

घरी आलात. आता तयारी. खिडकीजवळची जागा किंवा टेबलावरचा दिवा. एक भिंग, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांकडे असतं ते. आईचा भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा, पण आईला विचारून. चिमटा दहा मिनिटं पाण्यात उकळा किंवा स्पिरिटने पुसा. हात साबणाने धुवा. टोचलेल्या जागेवर नळाचं पाणी नुसतं वाहू द्या. चोळायचं अजिबात नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचंही नाही. चोळलं की कुसळं मोडतात, आणखी आत जातात आणि टॉवेलला लागून उद्या ताईच्या तोंडाला लागतात.

मोठा काटा कातडीच्या अगदी लगत पकडायचा आणि ज्या दिशेने आत गेलाय त्याच रेषेत, उलट्या वाटेने, सावकाश ओढायचा. तिरका ओढला की टोक आत मोडतं. आणि काढण्यासाठी आजूबाजूची कातडी दाबायची नाही. पुरळ फोडल्यासारखं पिळलं की काटा बाहेर येण्याऐवजी मोडतो.

कुसळांसाठी उजेडाची एक युक्ती आहे. दिवा वरून न मारता बाजूने, कातडीला समांतर मारा. सपाट उजेडात न दिसणारी कुसळं तिरक्या उजेडात चमकतात. जी गठ्ठ्याने बसली आहेत ती चिमट्याने काढा. शंभर कुसळं एकेक करून काढायला बसलात तर रात्र होईल, आणि तुमचा लहान भाऊ तेवढा वेळ हात स्थिर ठेवेल ही आशाही सोडा. मग काय करायचं?

इथे मदतीला येतो तुमच्या दप्तरातला पांढरा डिंक! म्हणजे फेविकॉलसारखा, हस्तकलेच्या तासाला वापरतात तो. शाळेत तळहाताला तो फासून, वाळला की त्याचा पापुद्रा सोलत बसण्याचा उद्योग तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केला असेल. बाईंनी पाहिलं की ओरडा मिळतो. पण हाच उद्योग कुसळं काढण्यात फार कामाचा आहे आणि हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत जिथे निवडुंग घराच्या अंगणात असतो, तिथल्या डॉक्टरांना रोजच अशी मुलं भेटतात. त्यांनी निरनिराळ्या उपायांची तुलना केली आणि १९८७ मध्ये बालरोगांच्या एका नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापले. नुसत्या चिमट्याने शंभरातली सुमारे ७६ कुसळं निघाली. आधी चिमटा आणि नंतर डिंक व गॉज वापरला तेव्हा सुमारे ९५. आणि आपण सगळे ज्याकडे आधी धावतो ती चिकटपट्टी, म्हणजे सेलोटेप? पुन्हा पुन्हा लावूनही तिने तीसच्या आसपासच निघाली. सेलोटेपवर माझाही बराच भरवसा होता, पण आकडे आकडे असतात.

आता कृती. कुसळं लागलेल्या जागी पांढऱ्या डिंकाचा पातळ थर लावा. बोटाने चोळून नव्हे, ब्रशने किंवा आइस्क्रीमच्या काडीने, हलक्या हाताने. ओला असतानाच त्यावर गॉजचा किंवा स्वच्छ, पातळ सुती कापडाचा तुकडा ठेवा आणि अलगद टेकवा. अर्धा तास थांबा. पूर्ण वाळला पाहिजे, अर्धवट ओला असेल तर काही हाती लागणार नाही. (तोवर दुसऱ्या हाताने हा अंक वाचा!) वाळला की एका कडेने उचलून सावकाश सोला. गॉज उजेडात धरून पाहा, त्यात उभी राहिलेली कुसळं दिसली की जो आनंद होतो तो अनुभवण्यासारखा असतो. काही राहिली असतील तर पुन्हा एकदा.

पण हे सगळं मोठ्या माणसाच्या देखत. आणि तीन गोष्टी पाठ करून ठेवा. डिंक पांढराच हवा. झटकन चिकटणारा फेविक्विकसारखा डिंक मुळीच नको, तो कातडीला कातडी चिकटवतो आणि कुसळ आतच बंद करतो. तोंड, ओठ, डोळ्यांच्या आसपास डिंक लावायचा नाही. आणि जिथे कातडी फाटली आहे, रक्त येतंय, तिथेही नाही.

कुसळं निघाली की साबण-पाण्याने जागा धुवा, टिपून कोरडी करा, घरात असेल ते जंतुनाशक लावा. थोडी लाली आणि खाज एक-दोन दिवस राहते, गार पाण्याची पट्टी ठेवली की बरं वाटतं. एखादं कुसळ राहिलंच आणि ते दुखत नसेल, तर त्याच्या मागे सुई घेऊन लागू नका. कातडी वाढते तसं ते बहुधा आपोआप वर येतं. मात्र पुष्कळ कुसळं आत राहू दिली तर तिथे बारीक पुरळ उठते आणि ती काही महिने त्रास देऊ शकते. म्हणून चिमटा-डिंकाचा आळस नको.

आता जरा आजीच्या पोतडीकडे वळू. आजीबद्दल मला आदरच आहे, पण तिच्या काट्याच्या औषधांबद्दल मात्र तक्रार आहे. पहिली म्हण, ‘काट्याने काटा काढावा’. शत्रूंच्या बाबतीत ठीक असेल, कातडीच्या बाबतीत नाही! बाभळीचा काटा घेऊन उकरलं की एका जखमेच्या दोन होतात आणि त्या काट्यावरची मातीही आत जाते. दुसरं, गूळ-चुना. गरम गूळ आणि चुना लावला की काटा वर येतो असं सांगतात. चुन्याने कोवळी कातडी भाजते, काटा जिथे होता तिथेच राहतो. तिसरा बिब्बा. काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत खेडोपाडी होती. बिब्ब्याच्या तेलाने मोठाले फोड येतात, कधी अंगभर पुरळ उठते. चौथा रुईचा चीक. तो काट्यावर लावतात आणि मग त्याच बोटाने डोळा चोळला जातो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ सुजतं, दिसायला अंधूक होतं. एका काट्यासाठी डोळा पणाला लावायचा? आणि शेवटचा उपाय आपला सगळ्यांचा, दाताने उपसून काढणे. मोठा काटा एक वेळ निघेल, पण कुसळं जिभेत गेली तर ती कुठल्या डिंकाने काढणार?

जिभेवरून आठवलं. फड्या निवडुंगाला लाल-जांभळी बोंडं लागतात. आत गोड गर, खाल्ला की जीभ, ओठ सगळे रंगतात. गुराख्यांचा हा जुना खाऊ. पण त्या बोंडावर कुसळांचे ठिपके असतात. पोरं ती बोंडं जमिनीवर काटकीने घोळवून घेतात, तरी सगळी कुसळं जातातच असं नाही. ओठात किंवा जिभेत कुसळं गेली तर घरगुती प्रयोग बंद. चूळ भरा आणि डॉक्टरांकडे जा. घशात टोचतंय, गिळता येत नाही किंवा श्वासाला त्रास होतोय, असं असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा नंबर आहे. तो पाठ हवा.

लाल रंगाचा विषय निघालाच आहे तर एक मजेदार हकिकत सांगून टाकतो. फड्या निवडुंग मुळात आपला नव्हेच, तो अमेरिकेचा पाहुणा. त्याच्यावर कोचिनील नावाचे किडे राहतात, ते चिरडले की झकास किरमिजी रंग मिळतो. रंगाच्या व्यापारात तेव्हा भरपूर पैसा होता. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, एका कप्तानाने ब्राझीलमधून हे किडे कलकत्त्याला आणले. पण आणले ते चुकीच्या जातीचे! रंग काही धड मिळाला नाही. मात्र त्या किड्यांनी एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, अरे, रंग नाही तर नाही, पण निवडुंगाचा बंदोबस्त तर होतोय! पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचे कोचिनील किडे श्रीलंकेहून मुद्दाम आणून सोडले, आणि शेतं-कुरणं व्यापून बसलेला काटेरी फड्या निवडुंग काही वर्षांत पुष्कळ ओसरला. आज निवडुंग बांधावर तुरळक दिसतो त्यात या एवढ्याशा किड्याचा हात आहे. फड्या निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते हेच. काटकीने एक चिरडून बघा. बोटाने नको, कारण तेच!

बरं, डोळ्याचं नंतर बोलू म्हटलं होतं. आता मघाची थट्टा बाजूला ठेवू.

थोराचा किंवा त्रिधारीचा चीक डोळ्यात गेला, तर पहिल्या मिनिटात काय करता यावर सगळं अवलंबून असतं. डोळा चोळायचा नाही. नळाखाली, बादलीतून तांब्याने, पाण्याच्या बाटलीने, जे हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून धुवायला लागायचं. डोकं ज्या डोळ्यात चीक गेलाय त्या बाजूला कलतं करा, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पंधरा-वीस मिनिटं सतत. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पाच मिनिटांत थांबायचं नाही. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. आणि धुऊन झालं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. या चिकाचा एक कावा असा, की कधी कधी खरी आग आणि अंधूकपणा काही तासांनंतर सुरू होतो. संध्याकाळी खेळत होता, रात्री डोळा उघडेना, असं होतं. शक्य असेल तर त्या झाडाचा फोटो काढून न्या, डॉक्टरांना उपयोग होतो.

कुसळ डोळ्यात गेलं असेल तर काढायचा प्रयत्न घरात कुणीही करायचा नाही, अगदी काकांचा हात कितीही स्थिर असला तरी. चोळू नये म्हणून डोळ्यावर स्वच्छ कागदी कप उपडा धरा आणि निघा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं अशी आपल्याकडे म्हण आहे. निवडुंगाचं कुसळ मात्र दिसत नाही, डॉक्टरांना यंत्रातून पाहावं लागतं.

आता थोडं आई-बाबांसाठी. मुलांनो, तुम्हीही वाचा.

एक, धनुर्वात. गंजका खिळा लागला की टीटीचं इंजेक्शन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काटा टोचला तर मात्र ‘काटाच तर आहे’ असं म्हणतो. धनुर्वाताच्या जंतूंना गंजाशी काही देणंघेणं नाही. ते मातीत आणि शेणात असतात, आणि खोल, अरुंद जखम त्यांना फार आवडते. काट्याची जखम नेमकी तशीच असते. सरकारी लसीकरणात लहानपणीच्या डोसांनंतर वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस असते. टीटीच्या जागी आता तीच देतात. बाळपणी लसीकरणाचं कार्ड जपणारे पालक दहाव्या वर्षाची लस मात्र सर्रास विसरतात. कार्ड काढून बघा बरं. आणि जखम खोल, मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर डॉक्टरांना विचारा, ते पुन्हा डोस द्यायचा का ते ठरवतील.

दुसरं जास्त फसवं. काटा टोचला, निघाला, सगळे विसरले. दोन-चार आठवड्यांनी बोटाचं पेर किंवा गुडघा सुजतो, सकाळी वाकत नाही. घरात वाटतं क्रिकेट खेळताना मुरगळला असेल, मग शेक-बाम सुरू. प्रत्यक्षात काट्याचं मोडलेलं टोक सांध्यात राहिलेलं असू शकतं. एक्स-रे काढला तर त्यात वनस्पतीचा काटा बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत तो सापडण्याची शक्यता अधिक. पण डॉक्टर ती तपासणी कधी सांगतील? तुम्ही ‘महिन्यापूर्वी इथे काटा लागला होता’ हे आठवणीने सांगाल तेव्हा! आणि ते तुम्हाला माहीत कधी असणार? मुलाने घरी सांगितलं असेल तेव्हा.

मुलं का सांगत नाहीत, तेही बोलायला हवं. शेजारच्या काकूंच्या कुंडीला हात लावलेला असतो. किंवा नको म्हटलेल्या डोंगरावर गेलेलं असतं. पाय लंगडतोय तरी ‘काही नाही, बूट चावतोय’ असं सांगून पोरगा झोपतो. आधी काटा, मग रागवा, हा क्रम पाळलात तर पुढच्या वेळी तो आपणहून पाय पुढे करेल. मुलांनो, तुम्हीही एक लक्षात घ्या. रागवणं दोन मिनिटं टिकतं, पिकलेलं पाऊल दोन आठवडे.

टोचलेल्या जागेची लाली रोज पसरत जाणं, जागा गरम आणि टणक होणं, पू, ताप, हातापायावर वर सरकत जाणारी लाल रेघ, किंवा बोट वाकवता न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचं. नखाखाली खोल गेलेला काटा, चेहरा-मानेवरचा काटा आणि निम्मा मोडून आत राहिलेला काटा, हेही त्यांचंच काम. आणि घरात आजोबांना मधुमेह असेल तर त्यांच्या पावलांकडे तुम्ही लक्ष ठेवा. बऱ्याच मधुमेही माणसांना पायाला काटा रुतल्याचं कळतच नाही. बाल्कनी झाडणाऱ्या आजोबांची चप्पल काढून तळवे बघायचं काम नातवंडांना छान जमतं.

द्रोणागिरीची गोष्ट करंज्याच्या बंदराशिवाय पुरी कशी होणार? तिथल्या मुलांना काटा म्हटलं की निवडुंग आठवणारच नाही. त्यांना आठवतो शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीचा काटा. हे काटे विषारी असतात आणि यांचा नियम एकदम उलटा. निवडुंगाला गार पाण्याची पट्टी, यांना गरम पाणी! मोठ्या माणसाने आधी स्वतःचा कोपर बुडवून बघावा. सोसवेल इतकं गरम, भाजेल इतकं नाही. त्यात टोचलेला हात किंवा पाय अर्धा ते दीड तास ठेवायचा, पाणी निवलं की बदलायचं. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो आणि ठणका उतरतो. पाकटाचा काटा आत अडकून राहिला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर तो उपसायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. ठणका थांबला तरी या दोन्हींसाठी डॉक्टरांना दाखवायचंच.

एवढं वाचून सशाचे कान उचलून कचऱ्यात टाकू नका हं! बिचारा दिसायला खरंच देखणा असतो. फक्त कुंडी रांगत्या बाळाच्या, मांजराच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या वाटेतून हलवा. माती बदलायची असेल तर निवडुंगाला वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळून धरा. कापडी हातमोज्यांत कुसळं अडकून बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. कपड्यांना कुसळं लागली असतील तर ते इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. आधी सेलोटेप दाबून उचला. बघा, सेलोटेपलाही काम मिळालं!

आणि तो सोललेला गॉज? तो तसाच खिडकीतून उडवायचा नाही. कागदात गुंडाळा, सेलोटेपने बंद करा आणि झाकणाच्या डब्यात टाका. मग चिमटा पुन्हा दहा मिनिटं उकळा, पुसून कोरडा करा आणि आईने विचारायच्या आत जागेवर ठेवा.